‘पर्यंत’ केवढ्याने लिहू?

खरं सांगा, ‘सेल’ हा शब्द दिसला की तुमचीही मान आपोआप वळते ना? माझी तर वळतेच. कानात हेडफोन असू दे, डोक्यात उद्याचं प्रेझेंटेशन असू दे, लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘५०%’ दिसलं की मेंदूतला हिशेबनीस लगेच रजेवर जातो. महिनाअखेर आहे, कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, हे सगळं विसरायला होतं.

पण मंडळी, आजचा विषय खरेदीचा नाही, काउंटरच्या पलीकडचा आहे. कारण २०२५च्या आषाढात मी चक्क एका सेलचा बोर्ड डिझाइन केला. आणि त्या बोर्डानं माझ्या मामाला जे ऐकावं लागलं, ते आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात.

मामाचं दुकान पुण्यात, लक्ष्मी रोडवर. ड्रेस मटेरियल, कॉटन, थोड्या साड्या. दर्शनी भाग जेमतेम बारा फुटांचा. गेली तीस वर्षं मामा तिथे सकाळी शटर उघडतो, उदबत्ती लावतो आणि गल्ल्यावर बसतो. ‘सेल’ या शब्दाची त्याला तशी अॅलर्जीच. पण त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला. उन्हाळा उन्हाळ्यासारखा झालाच नाही. उन्हाळ्यासाठी म्हणून भरलेले कॉटनचे दीडशे पिस माळ्यावर तसेच पडून राहिले. खरेदी ६८०ची, विक्री १,२००ची. म्हणजे मामाचे एक लाख दोन हजार रुपये माळ्यावर झोपा काढत होते. आणि खाली सुरतेच्या व्यापाऱ्याचे रोज फोन. त्याची ऐंशी हजारांची बाकी चुकती केल्याशिवाय तो दिवाळीचा माल पाठवणार नव्हता.

आपण गिऱ्हाईक लोक समजतो की सेल म्हणजे दुकानदाराला आलेली दानशूरतेची लहर. तसं काही नसतं हो. आषाढात लग्नसराई थांबलेली, पाऊस जोरात, बाजार थंड. पुढे श्रावण, गणपती, दसरा, दिवाळी. त्या सीझनचा माल भरायला जागा हवी आणि रोकड हवी. अडकलेला पैसा सोडवायचा म्हणून सेल. इतका साधा फंडा आहे.

तर एका रविवारी मामाचा फोन. ‘‘अगं, तू ते कॉम्प्युटरवर डिझाइन का काय करतेस ना? आपल्याला एक सेलचा बोर्ड करून दे.’’

मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत स्क्रीन डिझाइन करते. म्हणजे अॅपमधलं बटण कुठे असावं, कुठल्या रंगाचं असावं, यावर तासन् तास मीटिंगा करण्याचे मला पैसे मिळतात. त्यामुळे मला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ!

एका रात्रीत मी सहा बाय चारचा फ्लेक्स तयार केला. लाल पार्श्वभूमी, पिवळी चांदणी, त्यात ‘५०%’ असं की रस्त्यापलीकडच्याचे डोळे दिपावेत. शेजारी पावसाचे थेंब, छत्री घेतलेली मुलगी, ‘धमाका’, ‘त्वरा करा’, ‘स्टॉक असेपर्यंत’, दुकानाचा पत्ता (दुकानावरच्याच बोर्डावर दुकानाचा पत्ता!), फोन नंबर आणि ‘कार्ड स्वीकारले जाईल’. हे सगळं झाल्यावर ‘५०%’च्या पुढे एक फुलीवजा चिन्ह आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘पर्यंत’.

मामानं चष्मा वर करून पाहिलं. ‘‘हे ‘पर्यंत’ एवढं बारीक का गं?’’

‘‘मामा, सगळे असंच करतात.’’

तो काही बोलला नाही. ५०% सूट खरं तर जुन्या, डाग पडलेल्या चाळीसेक पिसांवर होती. दीडशे कॉटनवर तीस टक्के आणि बाकी मालावर दहा. तरी त्यानं फ्लेक्स लावू दिला. भाचीवर विश्वास!

पहिल्या दिवशी गर्दी सॉल्लिड झाली. मी ऑफिसात बसून दर तासाला फोन करत होते. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणून मी स्वतःच दुकानात गेले आणि नेमकं तेव्हाच घडलं. एक काकू आल्या, बरोबर कॉलेजातली मुलगी. तिच्यासाठी त्यांनी अर्धा तास खपून एक पिस निवडला, १,४५०चा. मुलगी जाम खूश. काउंटरवर बिल आलं १,३०५.

‘‘बाहेर तर निम्मे लिहिलंय.’’

मामानं समजावायला सुरुवात केली. काकू पाऊस अंगावर घेत बाहेर गेल्या, मान वर करून फ्लेक्सकडे बघत बसल्या. आत येऊन शांतपणे म्हणाल्या, ‘‘माझ्या लग्नातल्या साड्या तुमच्याकडच्या आहेत. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो.’’

मुलीनं पिस काउंटरवर ठेवला. मामानं तो पिशवीत भरला आणि ७२५ रुपये घेतले. तो पिस त्याला स्वतःलाच ८२०ला पडला होता, हे मला रात्री मामीकडून कळलं. पण मामाचा चेहरा त्या ९५ रुपयांमुळे पडलेला नव्हता. संध्याकाळी शटर ओढताना तो एवढंच म्हणाला, ‘‘उद्या तो बोर्ड उतरव.’’

तीस वर्षांत त्याला कोणी खोटं म्हटलं नव्हतं. आता म्हटलं होतं आणि ते खोटं मी लिहिलेलं होतं. डोक्याला शॉट म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

झोप लागेना, म्हणून वाचत बसले. पहिली गोष्ट कळली ती अशी, की मी जे केलं तो नुसता आगाऊपणा नव्हता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात स्पष्ट आहे, की मूळ दाव्याला जोडलेला खुलासा त्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा, सहज दिसेल असा हवा. खुलाशानं मूळ दाव्याच्या उलट काही सांगायचं नाही. शिवाय स्वस्तातलं आमिष दाखवलं, तर त्या किमतीत विकायला पुरेसा मालही हवा. ‘सगळे असंच करतात’ हे वाक्य कुठल्याही सूचनेत सापडलं नाही.

दुसरी गोष्ट, शोकेस सजवणं हे काम भल्याभल्यांनी केलंय. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ लिहिणारा एल. फ्रँक बॉम त्या पुस्तकाआधी शिकागोत ‘द शो विंडो’ नावाचं मासिक काढायचा, १८९७पासून. दुकानदारांनी काचेमागे काय आणि कसं मांडावं, एवढाच त्या मासिकाचा विषय! लंडनमध्ये गॉर्डन सेल्फ्रिजनं १९०९मध्ये दुकान उघडलं आणि दुकान बंद झाल्यावरही शोकेसमधले दिवे चालू ठेवले, रात्री फिरणाऱ्यांनी बघावं म्हणून. आणि जॉर्जिओ अर्मानीनं फॅशनमधली सुरुवात केली ती १९५७मध्ये, मिलानच्या ‘ला रिनाशेंते’ या स्टोअरमध्ये शोकेस सजवत. मी मात्र हे काम डाव्या हातचा मळ समजले होते.

रविवारी सकाळी मी समोरच्या फूटपाथवर जाऊन उभी राहिले आणि मामाचं दुकान आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. तुम्हीही हे कधीतरी करून बघा. दुकानदार आपलं दुकान नेहमी आतून बघतो, गिऱ्हाईक बघतं बाहेरून. गडबड तिथेच होते.

आता जरा गणित. माणूस रमतगमत चालला तरी सेकंदाला चारेक फूट पुढे जातो. बारा फुटांचं दुकान म्हणजे तीन सेकंद. तीन! माझा फ्लेक्स मी स्वतः वाचून पाहिला, मला अठरा सेकंद लागले. म्हणजे वाचायचं तर गिऱ्हाइकानं दुकानासमोरून सहा वेळा जायला हवं. आणि स्कूटरवरच्या माणसाला तर एक सेकंदही मिळत नाही. तेव्हा बोर्डावर एकच गोष्ट. दोन झाल्या की एकही वाचली जात नाही.

अक्षराच्या उंचीचाही एक ढोबळ नियम आहे. दर दहा फुटांमागे एक इंच. समोरचा फूटपाथ तीस फुटांवर असेल, तर अक्षर किमान तीन इंच हवं. यात आपल्या देवनागरीची एक गंमत आहे. वर मात्रा आणि रफार, खाली उकार. तीन इंचांत सगळं कोंबलं तर मूळ अक्षर दीड इंचाचंच उरतं. म्हणून शिरोरेषेखालचं अक्षर मोजायचं आणि मात्रांसाठी जागा वेगळी सोडायची. इंग्रजीसाठी नेमून दिलेल्या पट्टीत मराठी घुसवलं की ते गुदमरतं. मॉलमधल्या कितीतरी बोर्डांवर मराठीचा जीव असा गेलेला दिसतो.

मग शोकेस. आत पाच पुतळे, प्रत्येकाच्या अंगावर वेगळा रंग. मागच्या दोरीवर अकरा पिस, कोपऱ्यात बंद पडलेलं घड्याळ आणि वर माझा फ्लेक्स, ज्यानं पुतळ्यांची डोकी झाकून टाकली होती. त्यात दिवसा काचेत काही दिसतच नव्हतं. दिसत होते समोरून जाणाऱ्या रिक्षांचे आरसे आणि मी. कारण रस्त्यावर उजेड आणि आत अंधार असला, की काचेचा आरसा होतो. मामा वीज वाचवायची म्हणून शोकेसचे दिवे संध्याकाळी सातला लावायचा. खरं तर त्यांची जास्त गरज दिवसाच असते!

आणखी एक. लक्ष्मी रोड वन-वे. सगळी वाहनं एकाच बाजूनं येतात. पुतळे मात्र नाकासमोर बघत उभे. येणाऱ्याला दिसायचे ते फक्त त्यांचे खांदे.

सोमवारी मी रजा टाकली. (टीम लीडला ‘फॅमिली इमर्जन्सी’ सांगितलं, ते खोटं नव्हतं.) पाचातले तीन पुतळे माळ्यावर गेले. उरलेले दोन येणाऱ्या ट्रॅफिककडे वळवले. दोरी, पिस, घड्याळ सगळं बाहेर. दोन्ही पुतळ्यांना त्या सेलच्याच कॉटनमधले कपडे, एक निळा आणि एक पांढरा. इथे मामीनं बाजी मारली. ती म्हणाली, ‘‘अगं, न शिवलेला पिस गुंडाळून ठेवलात, तर तो अंगावर कसा दिसेल हे पोरींना कळणार कसं?’’ आणि एका दुपारीत तिनं दोन कुडते शिवून दिले. पाच पुतळ्यांनी जे केलं नव्हतं, ते त्या दोन कुडत्यांनी केलं. दिवे पुतळ्यांच्या मागून काढून समोरून वर लावले, दिवसाही चालू ठेवले. पुतळ्यांचे कपडे दर चार दिवसांनी बदलायचे असं ठरलं, कारण त्या दिव्याखाली आणि उन्हात रंग उडतो आणि उडालेल्या रंगाचा पिस मग कोणी फुकटही नेत नाही.

फूटपाथवर एक स्टँडी ठेवायची माझी आयडिया मात्र मामानं हाणून पाडली. ‘‘अतिक्रमणवाले उचलून नेतील आणि त्यांनी नाही नेली तरी लोकांनी चालायचं कुठून?’’

राहिला बोर्ड. मी लॅपटॉप उघडला. टक्के द्यावेत की रुपये? मामाचं म्हणणं, ‘‘माझं गिऱ्हाईक पाकीट रुपयांत मोजतं.’’ बरोबर होतं त्याचं. १,२००च्या वस्तूवर साडेसदतीस टक्के सूट म्हटलं की लोक कॅल्क्युलेटर शोधतात. ४५० रुपये कमी म्हटलं की लगेच कळतं. मग फाँट कुठला घ्यावा यावर मी अर्धा तास घातला. तेवढ्यात दुकानातले जुने काका, जे बावीस वर्षं कापड फाडतायत आणि ज्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, ते म्हणाले, ‘‘ताई, मी लिहू का?’’

पांढरा पुठ्ठा, जाड मार्कर. लाल रंग फक्त किमतीला. आणि काय लिहायचं ते मामानं सांगितलं, मी नाही:

‘कॉटन ड्रेस पिस. किंमत १,२०० होती, आता ७५०. एकूण १५० पिस. २४ जुलैपर्यंत.’

२४ जुलैला आषाढातली अमावास्या होती. काकांनी मार्कर थांबवून विचारलं, ‘‘हे ‘पर्यंत’ केवढ्यानं लिहू?’’

मामा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बाकीच्या अक्षरांएवढंच.’’

त्याखाली एक छोटी पाटी मामानं स्वतः लावली: ‘इतर मालावर सेल नाही. कृपया विचारू नये. डागी माल आत वेगळा ठेवला आहे, डाग बघून घ्यावेत.’

मी म्हटलं, ‘‘मामा, ही शेवटची पाटी लोकांना पळवून लावेल.’’ पण झालं उलटंच. लोक थांबून ती पाटी वाचायचे, हसायचे, काहीजण फोटो काढायचे आणि फोटो काढायला थांबलेला माणूस बाजूचे निळे-पांढरे कुडते बघायचाच. पुणेरी पाट्यांची आपण इतकी टिंगल करतो, पण साइनेजचा सगळा अभ्यासक्रम त्यात आहे, यार. एकच मुद्दा, कमीत कमी शब्द आणि वाचल्यावर शंका नावाला उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, रांगा लागल्या? नाही हो. गर्दी पहिल्या फ्लेक्सच्या दिवसाएवढी कधीच झाली नाही. पण आत येणारा माणूस किंमत वाचून आलेला असायचा, काउंटरवर हुज्जत घालत नव्हता. २४ तारखेला रात्री हिशेब केला. दीडशेपैकी ११८ पिस गेले होते. ८८,५०० रुपये. सुरतेची बाकी मामानं दुसऱ्या दिवशी चुकती केली. उरलेले ३२ पिस २५ तारखेला परत १,२००चे झाले. मी म्हटलं, ‘‘राहू दे की बोर्ड अजून आठवडाभर.’’ मामा म्हणाला, ‘‘मग ‘पर्यंत’ कशाला लिहिलं होतं?’’

त्या काकू परत आल्या का? माझ्या माहितीत तरी नाही. मला आवडलं असतं, पण असं सगळं दर वेळी जुळून येत नाही. मामा अजून कधीतरी विचारतो, ‘‘त्या बाई दिसल्या होत्या का गं कुठे?’’

तर मंडळी, पुढच्या वेळी लाल पाटीपुढे मान वळली, की हिशेबनिसाला रजेवरून परत बोलवा. ‘५० + २०%’ म्हणजे ७० नाही, ६० टक्के. वीस टक्के उरलेल्या निम्म्यावर मिळतात. ‘दोनवर एक फ्री’ म्हणजे तिसरी वस्तू हवी असेल तरच ३३ टक्के, नको असेल तर शून्य. ‘मूळ किंमत’ खोडून दाखवली असेल, तर त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली होती का, ते विचारायला लाजू नका. आणि चांदणीशेजारी चिन्ह दिसलं, तर आधी खालची मुंगी शोधा.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी दुकान असेल आणि तुम्हाला ‘कॉम्प्युटरवर जरा बोर्ड करून दे’ असं सांगितलं गेलं, तर आधी समोरच्या फूटपाथवर जाऊन तीन सेकंद उभे राहा. लॅपटॉप नंतर उघडा.

परवा ऑफिसात क्लायंटनं विचारलं, ‘‘स्क्रीन्स कधी मिळतील?’’ सवयीनं मी टाइप केलं, ‘शुक्रवारपर्यंत’. मग मामा आठवला. शुक्रवारी मिळणार नव्हत्या हे मला माहीत होतं, आमच्या अख्ख्या टीमला माहीत होतं. मी ते खोडलं आणि ‘मंगळवारी संध्याकाळी’ असं लिहिलं. टीम लीड जरा फुरंगटली, पण मंगळवारी संध्याकाळी फाइल गेली.